अपग्रेड फसल्यावर पाळावयाची पथ्ये

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे बरेच आधी जाहीर झालेले असल्यामुळे आपण अगदी शेवटपर्यंत काहीही केले नाही, हे उचितच झाले. आता जुना लॅपटॉप विंडोज ११ वर नेण्याची घाई करावी, आणि ते अपग्रेड एकदा फसले की पुढील पथ्ये कसोशीने पाळावीत.

पहिले पथ्य असे की, पडद्यावर जे लिहून येते ते वाचू नये. टक्केवारी बरीच वर चढते, लॅपटॉप दोनदा बंद होऊन सुरू होतो, मग ‘बदल मागे घेतले जात आहेत’ अशा अर्थाची ओळ दिसते आणि अखेरीस जुनाच डेस्कटॉप उगवतो. त्यावरच्या छोट्या चौकटीत एक कोड असतो. ती चौकट पाहताच फुलीवर क्लिक करावे. कोड लिहून ठेवला, तर कदाचित कारण कळेल आणि मग त्या कारणावर काम करण्याची आफत ओढवेल. उदाहरणार्थ, ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा अपुरी आहे, इतका सरळ त्याचा अर्थ असतो. तो कळला तर जागा मोकळी करावी लागेल, आणि वर्षानुवर्षे जपलेल्या डाउनलोड फोल्डरला हात लावणे कोणाही संवेदनशील माणसाला जमणारे नाही.

०एक्ससी१९००१०१ हा कोड तर अधिकच धोकादायक आहे, कारण तो बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, बोट दाखवतो आणि त्याच्या मागे जोडून दुसरा आकडाही देतो. ०एक्स३००१८ सारख्या त्या आकड्यात ‘०एक्स’नंतरचा पहिला अंक २ असेल तर गाडी सेफ ओएसच्या, म्हणजे सेटअपच्या तात्पुरत्या प्रणालीच्या, टप्प्यावर अडली, ३ असेल तर पहिल्या बूटमध्ये, म्हणजे नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होताना, आणि ४ असेल तर दुसऱ्या बूटमध्ये, एवढी माहिती एका अंकात मावलेली असते. अशा माहितीपासून दूरच राहावे. ‘पँथर’ नावाच्या फोल्डरमधल्या लॉग फाइली (सेटअपने लिहिलेल्या नोंदी), किंवा त्या फाइली वाचून कारण सांगणारे मायक्रोसॉफ्टचेच सेटअपडायग हे मोफत साधन, यांचे तर नावही काढू नये. लॉग वाचण्यात अर्धा तास जातो. तेच अपग्रेड काहीही न बदलता पुन्हा चालवण्यात फक्त अख्खी रात्र जाते.

दुसऱ्या प्रयत्नापूर्वी काही जोडलेले असेल तर ते काढू नये. प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, यूएसबीचा माउस, सगळे जागच्या जागी राहू द्यावे. वेगळे विकत घेतलेले अँटिव्हायरस तात्पुरते अनइन्स्टॉल करावे असे जाणकार सुचवतात, पण ज्याने इतकी वर्षे प्रत्येक फाइल अडवून धरली त्याने ऐनवेळी सेटअपची फाइलही अडवली, तर त्याला दोष कसा द्यावा? चार्जरची वायर सैल असल्यास ती सैलच ठेवावी. आणि टक्केवारी बराच वेळ हलली नाही, तर हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असतानाच पॉवरचे बटण दाबून धरावे. फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कवर एकेका टप्प्याला तासभर लागू शकतो, हे खरे. परंतु संयम हा गुण आपण इतरांना शिकवण्यासाठी राखून ठेवलेला आहे.

या पथ्यांचा खरा कस मात्र बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, लागतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) लागतो, सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालवू शकणारे यूईएफआय (बायॉसचा नवा अवतार) लागते, आणि प्रोसेसर अधिकृत यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासून सुरू होते. पुष्कळ लॅपटॉपांत टीपीएम असतो, फक्त बंद ठेवलेला असतो, आणि बायॉसमध्ये तो इंटेलच्या मशीनवर ‘पीटीटी’ व एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ या नावाने बसलेला असतो. तो शोधून चालू करणे हे दोन मिनिटांचे काम असल्यामुळे त्यात काही पुरुषार्थ नाही. त्याऐवजी आत शिरताच ‘लेगसी’ हा जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा पर्याय बदलून थेट ‘यूईएफआय’ करून बाहेर पडावे. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते आणि त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा दिलेली आहे. पण ती न चालवल्यास पुढच्या वेळी लॅपटॉपला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही, आणि काळ्या पडद्यासमोर बसण्याचे समाधान लाभते. पर्याय पूर्ववत केला की सहसा सगळे परत येते, म्हणून नेमके काय बदलले ते विसरून जावे.

बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर हा आनंद द्विगुणित होतो. बायॉसमध्ये फेरफार करण्यापूर्वी ते तात्पुरते स्थगित ठेवण्याची सोय आहे. ती वापरू नये. मग लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ही की आपण दूरदृष्टीने ‘महत्त्वाचे’ नावाच्या फोल्डरात, त्याच लॅपटॉपच्या, त्याच कुलूपबंद डिस्कवर जपून ठेवलेली असते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही साठवलेली असू शकते. तेव्हा त्या खात्याचा पासवर्डही त्याच फोल्डरात असावा. बॅकअपविषयी वेगळे सांगायला नको, तो पुढच्या महिन्यात घ्यायचा आहे.

आणि एवढे सगळे पाळूनही अपग्रेड यशस्वी झालेच, तर खचून जाऊ नये. नवी विंडोज बसली की जुनी ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात साधारणपणे १० दिवस राहते, आणि तेवढ्या मुदतीत सेटिंग्जमधून मागे फिरता येते. हे फोल्डर कित्येक जीबी अडवते, म्हणून पहिल्याच संध्याकाळी ते उडवावे. जी साफसफाई अपग्रेडपूर्वी करायची होती ती आता अपार उत्साहाने करावी. दुसऱ्या दिवशी स्पीकरमधून आवाज येणार नाही, वायफाय दर थोड्या वेळाने तुटेल आणि टचपॅडवर बोट फिरवले तरी बाण हलणार नाही, तेव्हा मागे फिरण्याचे बटण शोधावे आणि तो पर्याय आता उपलब्ध नाही हे वाचावे. हा एकच मजकूर आपण शेवटपर्यंत वाचाल. तो बंद करण्यासाठी टचपॅड चालत नसला, तरी यूएसबीचा माउस आपण काढलेला नाहीच.