एका दाराच्या कडीसाठी अकरा महिने

गोव्यातल्या आमच्या गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नाही. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी मी पहिलं पत्र दिलं. अकरा महिने झाले. आज परत एका ऑफिसातून हात हलवत आले आणि डोकं इतकं फिरलंय की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेचा पट 23, चार वर्ग आणि शिक्षिका एकच.

नुसत्या कडीचा प्रश्न असता तर बाजारातून आणून मीच बसवली असती. पण चौकटच वाळवीने पोखरलीय. स्क्रू फिरवला की लाकडाचा भुसा गळतो. चौकट बदलायची तर बाजूच्या भिंतीचे दोन चिरे (दगड) काढावे लागतात, आणि चिऱ्याला हात लावला की ते ‘बांधकाम’ होतं. बांधकाम म्हटलं की विषय शाळेच्या हातातून गेला. गावातला एक सुतार, त्याचा मुलगा आमच्याच शाळेत चौथीत आहे, फुकट करून द्यायला तयार होता. घरी फणसाची फळी पडलीय म्हणाला, एका रविवारचं काम. बाईंनी अक्षरशः हात जोडले. “वहिनी, नको. उद्या कोणी विचारलं सरकारी इमारतीला हात कोणी लावला, तर मेमो मला येईल.” बाईंवर कसली चिडणार मी? चार वर्ग सांभाळणारी ती बाई सुताराला रविवारी आत घेण्याएवढा निर्णयसुद्धा घेऊ शकत नाही, यातच सगळं आलं.

मुली काय करतात ते सांगते. दाराला एक भोक आहे, त्यात सुतळी ओवलीय. एक मुलगी आत जाते, दुसरी बाहेर उभी राहून सुतळी दोन्ही हातांनी ओढून धरते. पावसात तशीच भिजत धरते. पहिलीतल्या पोरीच्या हाताला तेवढा जोर नाही, वाऱ्याने दार उघडतं. म्हणून त्या पोरी जातच नाहीत. माझी मुलगी घरी आली की मी तिची बाटली धुवायला घेते. सकाळी भरून दिलेलं पाणी तसंच असायचं. आधी मला वाटलं खेळण्याच्या नादात विसरते. एक दिवस विचारलं तर म्हणाली, “प्यालं की जावं लागतं ना.” आठ वर्षांची आहे ती. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला तेव्हा मी औषधाची चिठ्ठी हातात घेऊन दवाखान्याच्या बाकावर रडले.

आता या अकरा महिन्यांत मी कुठे कुठे गेले ते ऐका. कोणत्याच ऑफिसचं नाव लिहीत नाही. पहिल्या ऑफिसात सांगितलं, पत्र शाळेतर्फे यायला हवं, समितीतर्फे नाही. बाईंच्या सहीने पत्र केलं. मग म्हणे सोबत फोटो हवेत. फोटो दिले. मग एस्टिमेट हवं. एस्टिमेट कोण करणार? इंजिनियर. इंजिनियर कोण पाठवणार? दुसरं ऑफिस. दुसऱ्या ऑफिसात विचारलं तर इमारत आमच्या यादीत आहे की नाही ते आधी बघावं लागेल, कारण मूळ इमारत एका खात्याने बांधली आणि शौचालय मागाहून दुसऱ्या योजनेतून झालं. म्हणजे एकाच आवारात भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांचे मालक वेगळे! पंचायतीत गेले. सरपंच चांगला माणूस, पण त्याने सरळ सांगितलं की शाळेवर पंचायतीने खर्च घातला तर ऑडिटवाले अडवतात, आधी वरून ना हरकत आणा. परत पहिल्या ऑफिसात. तिथला क्लार्क मान वर न करता म्हणाला, “फायल वयर गेल्या, बाय.” कुठे वर? “वयर.” साहेबांना भेटू का म्हटलं तर साहेब मिटींगेक गेल्यात. माझ्याकडे चार इनवर्ड नंबर आहेत, चार शिक्के आहेत. पण या कामाला हो किंवा नाही म्हणायचा अधिकार कोणाचा, हे अकरा महिन्यांत एकाही माणसाने मला सांगितलं नाही.

मी मग बसून हे सगळं समजून घेतलं, कारण समितीवर आहे तर मला कळायला हवं. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा थेट राज्याच्या शिक्षण खात्याच्या. वर मंत्री आणि सचिव, पर्वरीला शिक्षण संचालक, खाली झोन, त्याखाली तालुक्याला भागशिक्षणाधिकारी, आणि सगळ्यात खाली शाळेतली बाई. ही एक शिडी. तिला टेकून समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेची दुसरी शिडी. प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमाला एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद, ही तिसरी. इमारतींचं काम आणखी वेगळ्या खात्यांकडे आणि महामंडळाकडे. माध्यान्ह आहार बचतगट आणून देतात. निवडणुकीच्या कामाला बाईंना बोलावतात तो हुकूम तिसऱ्याच ठिकाणाहून येतो. या सगळ्या शिड्यांचं खालचं टोक एकाच बाईच्या टेबलावर येऊन टेकतं, आणि त्या टेबलावरून वर मात्र काहीच चढत नाही.

खाली यायला काय वेळ लागतो बघा. रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर परिपत्रक, उद्या बारापर्यंत माहिती द्या. यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरा. प्रत्येक मुलाचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांक, काढा. गणवेशाची मापं पाठवा. अमुक दिवस साजरा करा आणि फोटो अपलोड करा. मी स्वतः पाहिलंय, बाई दुसरीला बेरजा घालून चौथीकडे वळतात तेवढ्यात फोन थरथरतो, आणि पुढची वीस मिनिटं चारही वर्ग शुद्धलेखन लिहीत बसतात. 2025 साली वरच्या वर्गांचं शैक्षणिक वर्ष जूनऐवजी एप्रिलात सुरू करायचं ठरलं. पालक उन्हाबद्दल ओरडत राहिले, कोर्टापर्यंत गेले, तरी वर्ग एप्रिलातच भरले. म्हणजे ठरवायचं असलं की राज्यभर एका कागदावर होतं. आणि आमची एक चौकट अकरा महिने हलत नाही.

मला लोक म्हणतात, समिती आहे ना, तुम्ही अध्यक्ष आहात ना. होय आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. आम्ही आहोत. कलम 22 प्रमाणे आम्ही शाळेचा विकास आराखडा करायचा. केला. दोन वर्षं सलग केला, त्यात पहिल्या ओळीत शौचालयाचं दार लिहिलं. त्या आराखड्याचं पुढे काय होतं? तो फाईलला लागतो. पैसा? समग्र शिक्षातून 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं अनुदान 10,000 रुपये. त्यातच खडू, वह्या-रजिस्टरं, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती सगळं. तेही आम्हाला दोन हप्त्यांत मिळालं आणि दुसरा हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, 31 च्या आत खर्च दाखवा म्हणून. दार, चौकट आणि मजुरी धरून 6,500 सांगितले होते. आमच्याकडे तेवढे पैसे होते! पैसे होते, सुतार होता, ठराव होता. परवानगी नव्हती.

माझी नणंद मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिच्याशी हेच बोलत होते. मुंबईत शाळा महापालिकेच्या. तिथेही वर आयुक्त, उपायुक्त, शिक्षणाधिकारी, मग विभाग निरीक्षक, अशी उतरंड आहेच. इमारतींसाठी वेगळा कक्ष आहे. तिथेही कागद फिरतात, तीही वैतागलेली असते. पण ती म्हणाली, आमच्याकडे निदान वॉर्डातला नगरसेवक असतो, बायका जाऊन त्याच्या दारात बसतात. (2022 च्या मार्चपासून कित्येक वर्षं तेही नव्हतं, सगळं प्रशासकाच्या हातात होतं, आणि तेव्हा तिच्या शाळेच्या पालकांना कोणाकडे जायचं ते कळत नव्हतं.) एवढ्या मोठ्या शहरात निदान शाळा ज्याची त्याला लोक मत देतात. आमच्याकडे गावाने निवडून दिलेल्या पंचाला गावच्या शाळेवर काडीचा अधिकार नाही. उत्तर आणि दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती आहेत, प्रत्येकी 25 मतदारसंघ, निवडणुकीत घरोघर येतात. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळा चालवते, इथे जिल्हा पंचायत नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची, म्हणजे पंचायतींकडे देता येतील अशा विषयांची यादी आली, तिच्यात 29 विषय, त्यात 17 वा विषय प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण. इतकी वर्षं झाली. तो विषय आमच्या पंचायतीच्या टेबलावर कधी आलाच नाही.

माझे वडील सांगायचे, गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा झाल्या, तेव्हा आमच्या गावची शाळा आधी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, भरली. नंतर गावाने जागा दिली. चिरे लोकांनी वाहिले, माझ्या आजीने डोक्यावरून वाहिले. त्याच आजीच्या पणतीला आज तिथे दार लावून बसता येत नाही, आणि तिच्या आईला ते दार दुरुस्त करायची परवानगी नाही. आणि हेच लोक उद्या पट कमी झाला म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायचा कागद काढतील. पट कसा राहील? गेल्या जूनमध्ये दोन मुलींची नावं काढली. एकीची आई मला म्हणाली, “तू भांडत बस, मी पोरीला खाजगी शाळेत घालते.” तिला कुठल्या तोंडाने अडवू?

त्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय, मुलग्यांना आणि मुलींना वेगळं शौचालय. सगळ्या शाळांनी तीन वर्षांत हे निकष पूर्ण करायचे होते, म्हणजे मार्च 2013 पर्यंत. त्याच अनुसूचीत लिहिलंय, 60 पर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. आमच्याकडे एक. आणि ती एकही मतदार यादीच्या कामाला बाहेर गेली की त्या दिवशी माध्यान्ह आहाराची भाजी वाढायला मी जाते.

कालच मला कळलं की कलम 32 खाली लेखी तक्रार करता येते. स्थानिक प्राधिकरणाकडे. तीन महिन्यांत सुनावणी देऊन निर्णय द्यायलाच हवा, नाही दिला किंवा पटला नाही तर बालहक्क आयोगाकडे अपील. स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण ते कलम 2 मध्ये आहे: महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत, आणि शाळेवर ज्याचं प्रशासकीय नियंत्रण असेल तो. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, नियंत्रण कोणाचं? मी ‘प्रति’ खाली एक नाव घालणार नाही. ज्या ज्या ऑफिसचा शिक्का माझ्याकडे आहे त्या सगळ्यांची नावं एकाखाली एक घालणार, प्रत्येकाला वेगळी प्रत, प्रत्येकाची वेगळी पोचपावती. सोबत चौकटीचा फोटो, समितीचा ठराव, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. समितीतल्या बाकीच्या आयांच्या सह्या आज संध्याकाळी घेतल्या, एकीने अंगठा दिला. सोमवारी सकाळी पहिल्या बसने निघतेय, आणि तीन महिन्यांनंतरच्या तारखेवर कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय.