ज्यानं पूर बघितलाय त्याला विचारा

'कॉमन सेन्स उपजतच असतो' हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमची आत्ती कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकली की ती ४३ च्या धोका पातळीची वाट बघत नाही. आधी म्हशी हलवते, मग धान्य. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी गावात यायला किती वेळ लागतो, हे तिला बरोबर ठाऊक असतं. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरातली आमची शिकलेली पाहुणेमंडळी मात्र गाड्या तळमजल्यावर ठेवून बसली. ती मूर्ख नव्हती हो, त्यांनी दारात पूर कधी बघितलाच नव्हता! आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आत्तीला त्यांनीच शिकवलं.