घरच्यांना सूट, मैत्रिणीला शिक्षा

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचा वाचनगट व्हिडिओ कॉलवर जमतो. सांगली, पुणे, ठाणे, नाशिक आणि इकडे इटलीत, तोरिनोला, मी. तिकडे संध्याकाळचे सात, इथे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन. या वेळी एलेना फेरान्तेची कादंबरी होती, इंग्रजीत 'माय ब्रिलियंट फ्रेंड' या नावाने गाजलेली, आणि तिचे पुढचे तीन भाग. मूळ इटालियन चारही भाग २०११ ते २०१४ मध्ये आले. बाकी सगळ्यांनी ॲन गोल्डस्टीनचा इंग्रजी अनुवाद वाचला होता. मी मूळ वाचली, शब्दकोश मांडीवर ठेवून.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेपल्समधली एक गरीब वस्ती, तिथे १९४४ साली जन्मलेल्या दोन मुली. लीलाचा बाप जोडे दुरुस्त करतो, लेनूचा बाप नगरपालिकेत शिपाई. लीलाची बुद्धी अशी, की शिकवण्याआधीच तिला वाचता येऊ लागलेलं. पण पाचवीनंतर घरचे तिला पुढे पाठवत नाहीत. ती हट्ट धरते, तेव्हा बाप तिला खिडकीतून बाहेर फेकतो आणि तिचा हात मोडतो. लेनू शिकत जाते, पिसाच्या स्कुओला नोर्माले या नामांकित उच्चशिक्षण संस्थेपर्यंत पोचते, लेखिका होते. लीलाचं मार्च १९६० मध्ये, जेमतेम सोळाव्या वर्षी लग्न होतं, नवऱ्याचा मार सुरू होतो, पुढे सॉसेजच्या कारखान्यात मजुरी. या दोघींची साठ वर्षं म्हणजे ही कादंबरी. आणि मूळ इटालियन नावातली 'जेनियाले', म्हणजे असामान्य बुद्धीची, कोण? सगळे लीलाकडे बोट दाखवतात. पण लग्नाच्या दिवशी तो शब्द लीलाच लेनूसाठी वापरते.

आमची चर्चा अडीच तास चालली. त्यातला बराच वेळ एका पुलावर गेला. १९६६ च्या वसंतात लीला एका पत्र्याच्या डब्यात आपल्या आठ वह्या लेनूच्या हवाली करते. नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून. उघडणार नाहीस असं वचन घेते. लेनू गाडीतच डबा उघडते, पुढे त्यातले उतारे पाठ होईपर्यंत वाचते, आणि एके दिवशी पिसाच्या सोल्फेरिनो पुलावरून तो डबा आर्नो नदीत ढकलून देते.

"ही मैत्रीण? ही तर वैरीण," नाशिकहून एक म्हणाली. दुसरीने लीलाची बाजू काढली नाही, तिलाही ओढलं: लेनूचं ज्याच्यात मन गुंतलं होतं त्या मुलाला हिने पळवलं, म्हणजे दोघीही सारख्याच. तिसरी म्हणाली, जिथे इतका मत्सर आहे तिथे मैत्री म्हणूच नये. शेवटी ठरल्यासारखं झालं की ही मैत्रीची कादंबरीच नव्हे.

मी बोलत होते, पण मनात दुसराच हिशेब चालला होता. बापाने पोरीला खिडकीतून फेकलं त्यावर कोण काय बोललं होतं? "परिस्थिती होती गं, पाच तोंडं खायला." लेनूची लंगडी, तोंडाळ आई आयुष्यभर तिला टोचत राहते. त्यावर? "आईच ती, पोटात माया असतेच." लग्नाच्या रात्रीपासून नवरा मारतो, वस्तीतले सगळे तिचे वळ पाहतात आणि कुणी काही विचारत नाही. त्यावर एकच वाक्य आलं: "तो काळच तसा होता." बाप, आई, नवरा, भाऊ, सगळ्यांना परिस्थितीची सूट मिळाली. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या फक्त या दोघी.

माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी मनापासून करते. रक्ताच्या नात्याला आपण परीक्षेला बसवत नाही. भावाशी जमिनीवरून कोर्टात उभं राहिलं तरी तो भाऊच राहतो. आईशी सहा महिने बोलणं नसलं तरी ती आईच. मैत्रीण मात्र एकदा भांडली, एकदा जळली, एकदा चुकली की आपण मागे जाऊन सगळंच पुसतो: मुळात ती मैत्रीच नव्हती. नातं दिलेलं असतं म्हणून त्यात घाण चालते. मैत्री निवडलेली, म्हणून ती धुतलेली असायला हवी. असा नियम कुणी लिहिलेला नाही, पण आपण तो पाळतो.

आणि त्या डब्याचा दुसरा अर्धा भाग कुणीच काढला नव्हता. तो काढला आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिकेने. सगळ्या त्यांना नुसतं बाई म्हणतात. बाई म्हणाल्या, "त्या मास्तरीणबाईंचं काय?" म्हणजे कादंबरीतल्या, दोघींच्या प्राथमिक शाळेतल्या. लीलाने दहाव्या वर्षी एक गोष्ट लिहिली होती, निळ्या परीची. ती लेनूने त्या मास्तरीणबाईंकडे दिली होती. लीलाच्या आईबापांना मनवण्याचा बाईंनी प्रयत्न केला, तो फसला, आणि मग त्यांनी लीलाकडे पाठच फिरवली. गोष्टीबद्दल एक अक्षर काढलं नाही. मास्तरीणबाई वारल्यावर ती गोष्ट लेनूच्या हाती येते, तर समासात जागोजाग कौतुकाचे शेरे. लेनू ते कागद घेऊन कारखान्यात लीलाकडे जाते. लीला ते आगीत टाकते. म्हणजे एकीने दुसरीच्या वह्या नदीत टाकल्या, तर दुसरीने स्वतःचीच गोष्ट जाळली. आमच्या बाई म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं शिकवलं. शाळा सुटलेल्या हुशार मुलीकडे बघणं जड जातं. आपलीच हार दिसते. त्या मुलींनी एकमेकींवर राग काढला, कारण ज्यांच्यावर काढायचा ते हाताला लागणारे नव्हते." कॉलवर काही क्षण कुणीच बोललं नाही. मला वाटतं ही या कादंबरीबद्दल मी ऐकलेली सर्वांत खरी गोष्ट आहे, आणि ती सांगलीतून आली.

इथे राहते म्हणून मला काही जास्त कळतं असं मुळीच नाही. त्या चर्चेत मला दोनदा विचारलं गेलं: "अगं, युरोपात इतकं मागासलेपण होतं?" हो, होतं, आणि कायद्यात होतं. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० च्या डिसेंबरात झाला, तोही रद्द करायला १९७४ मध्ये सार्वमत घेतलं गेलं, आणि सुमारे ५९ टक्के मतांनी तो टिकला. आपल्याकडे मुंबई प्रांतात हिंदू बायकांना घटस्फोट १९४७ च्या कायद्याने मिळाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर. १९६० साली मार खाणारी लीला घटस्फोटासाठी कोर्टात जाऊच शकत नव्हती. त्याच वर्षी तिच्या वयाची सांगलीतली एखादी नवरी, आधी कोर्टाकडून विभक्त राहण्याचा हुकूम घेऊन, कागदावर तरी त्या वाटेने जाऊ शकत होती. गेली असती का, हा वेगळा प्रश्न, आणि तो मला जास्त टोचतो. बायकोचा किंवा बहिणीचा खून अब्रूसाठी केला म्हणून शिक्षा कमी करण्याची तरतूद इटलीने १९८१ मध्ये काढली. पण नवऱ्याने केलेल्या बलात्काराचं विचाराल, तर आपल्या नव्या भारतीय न्यायसंहितेतही तो जुना अपवाद अजून तसाच आहे. तेव्हा 'तो काळच तसा होता' म्हणताना आपण कोणत्या काळात बसलोय ते एकदा पाहावं.

माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. नेपल्स ज्या प्रांतात आहे त्या कंपानियाच्या डोंगराळ भागातून साठच्या दशकात नवऱ्याबरोबर आल्या, तो फियाटच्या मिराफिओरी कारखान्यात लागला म्हणून. त्या काळात दक्षिणेतल्या लोकांना घर भाड्याने मिळणार नाही अशा पाट्या तोरिनोत लागायच्या, त्या त्यांनी वाचल्या आहेत. मी त्यांना विचारलं, तुम्हाला या पुस्तकात तुमचं गाव दिसलं का? त्यांनी पहिला भाग अर्ध्यात सोडला होता. इथे एक म्हण आहे, मळके कपडे घरातच धुवायचे. त्या तेच म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, आमची आजी म्हणायची. दोन आज्या, दोन भाषा, वाक्य एकच.

उलट टोक माझ्या ऑफिसातल्या तरुण मुली. त्यांचा निकाल एका शब्दात: विषारी. अशी मैत्री ओळखावी आणि तोडावी. त्यांच्या धीटपणाचा मला हेवा वाटतो, पण हा निकाल नाशिकच्या मैत्रिणीपेक्षा फार वेगळा नाही. तिने म्हटलं ही मैत्री नव्हे, यांनी म्हटलं ही मैत्री नको. दोघींनाही स्वच्छ मैत्री हवी आहे. ज्या वस्तीत वह्या, पैसे, पुरुष, वेळ, सगळंच तुटपुंजं आहे, तिथे दोन हुशार मुलींना स्वतःचं माप घ्यायला एकमेकींशिवाय दुसरी फूटपट्टी नसते. मग मत्सर येणारच. मला तर लेनूचा मत्सर हाच तिच्या प्रेमाचा पुरावा वाटतो, कारण लीलाची बुद्धी किती मोठी आहे हे शेवटपर्यंत तिने एकटीने ओळखलं.

आपल्या भाषेला हे कळत नव्हतं असंही नाही. जात्यावरच्या ओव्यांत माहेर, भाऊ, आई यांच्या जोडीने सई आहे, गडणी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. दळण दोघींनी ओढायचं असायचं, म्हणून सुख-दुःखही दोघींचं. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची रेवडी उडवायला मैत्रिणीच लागतात. पण रक्षाबंधन आहे, भाऊबीज आहे, नवऱ्यासाठी वटपौर्णिमा आहे. मैत्रिणीच्या नावाने एक दिवस धरलेला मला आठवत नाही. जागा होती, ती जात्यापाशी होती, आणि जातं गेलं.

आता माझ्या घरचं सांगते, कारण ते न सांगता हे लिहिणं खोटं होईल. तीन वर्षांपूर्वी बाबांना अचानक अर्धांगाचा झटका आला. भाऊ बंगळुरूला, मी इथे. मिरजेच्या एका रुग्णालयात त्यांना नेलं माझ्या मैत्रिणीने, शाळेपासूनच्या. कागदावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. तिने 'मुलीची मैत्रीण' लिहिलं. नातेवाईकाला बोलवा, असं उत्तर मिळालं. शेवटी काका आले आणि त्यांनी सही केली. जाताना म्हणाले, परक्या पोरीच्या हातात कागद कशाला. ती पहिल्या तीन रात्री तिथे बाकावर झोपली होती. काका घरी जेवायला गेले होते.

पण खरं भांडण काकांशी झालं नाही. ते माझं आणि तिचं झालं. मी इथून रात्रंदिवस फोन करून सूचना देत होते: हे विचार, ते लिहून घे, डॉक्टरांना असं म्हण. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तू हुकूम सोडतेस आणि मी धावते. तुला मी मैत्रीण हवीय की नोकर?" मी काहीतरी भयंकर बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. आठ महिने आम्ही बोललो नाही. काकांना मी चौथ्या दिवशीच माफ केलं होतं, मोठे आहेत, स्वभाव आहे म्हणून. तिच्यावर आठ महिने रागावून होते. मीही तेच केलं होतं, जे त्या रविवारी सगळ्या करत होत्या.

त्यामुळे चर्चेत मला राग आला तेव्हा तो कुणावर होता हे मला माहीत आहे.

इटलीत २०१७ चा २१९ क्रमांकाचा कायदा आहे. आपण बोलू शकणार नाही अशी वेळ आली, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आगाऊ लिहून नगरपालिकेत देता येतं. सोबत एक विश्वासाचं माणूस नेमता येतं, आपल्या वतीने डॉक्टरांशी बोलणारं. ते सज्ञान आणि शुद्धीवरचं असावं, आणि त्याने सही करून होकार द्यावा, इतकंच. नात्याची अट नाही. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. पण त्यातले शब्द 'पालक किंवा जवळचे नातेवाईक' असे आहेत. आपल्या चर्चांमध्ये हे शब्द बदलण्याची मागणी मला ऐकायची आहे. एकटं राहणाऱ्या, लग्न न केलेल्या, मुलं परदेशी असलेल्या किती बायकांना त्या वेळी धावून येणारं माणूस मैत्रीणच असतं.

गेल्या महिन्यात मी इथला कागद भरला. नवरा आहे, भाऊ आहे, तरी विश्वासाच्या माणसाच्या जागी तिचं नाव घातलं. नवऱ्याला सांगितलं, तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ती तुझं ऐकणार नाही, पण तुझ्यासाठी भांडेल. होकाराचा कागद मी टपालाने मिरजेला पाठवला. इटालियन मजकुराखाली पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून दिला होता. तिने फोन केला तो आधी ओरडायलाच: मरणाच्या गोष्टी टपालाने पाठवतेस? मग विचारलं, सही कुठे करायची. आणि सही झाल्यावर, नातं लिहायचा रकाना यात कुठे दिसत नाही, तो राहिलाय का.