फोटो तरी नीट बघायचा होता

शनिवारी भाचीची वक्तृत्व स्पर्धा आहे. काल तिची वही चाळताना लाल पेनाने अधोरेखित केलेलं वाक्य दिसलं: 'जॉन लुईस यांच्या अंतिम इच्छेनुसार अमेरिकेने २०२० मध्ये सेल्माच्या पुलाला त्यांचे नाव दिले.' कुठून आणलंस? तर फॅमिली ग्रुपवरून. काकांनी टाकलेलं, हात जोडलेल्या चार इमोजींसह. हाच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवरही आलाय. शेवटी टोमणा: 'त्यांना जमलं, आपल्याला कधी जमणार?'

लुईस म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढलेले खासदार. पुलाला त्यांचं नाव दिलेलं नाही. अलाबामा राज्यातला तो पूल १९४० पासून आजतागायत 'एडमंड पेटस ब्रिज'च आहे. मेसेजसोबत आलेला फोटो जरा मोठा करून बघायचा होता! घोडागाडीवर लुईस यांची शवपेटी, रस्त्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि वर पोलादी कमानीवर ठळक अक्षरांत पेटसचंच नाव. प्रसंग २६ जुलै २०२० चा. खोटं पाडणारा पुरावा मेसेजलाच चिकटवलाय आणि कुणाचं लक्ष नाही.

बरं, एवढं मान्य की त्या वर्षी नाव बदलण्याची मागणी जोरात होती, सह्यांची मोहीमही झाली. पेटस हा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैन्यातला जनरल आणि 'कु क्लक्स क्लॅन' या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेचा पुढारी, हेही खरं. पण मागणी झाली म्हणजे निर्णय झाला? अलाबामाने २०१७ मध्ये कायदाच केलाय, ४० वर्षांहून जुन्या स्मारकांना हात लावू न देणारा.

माझं डोकं फिरलं ते 'अंतिम इच्छा' वाचून. २०१५ मध्येही नामांतराची मागणी आली होती. तेव्हा लुईस आणि सेल्मात वाढलेल्या खासदार टेरी स्युएल यांनी मिळून सेल्माच्या स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं की पुलाचं नाव आहे तेच राहू द्या. नाव बदलून इतिहास पुसला जात नाही, बरावाईट सगळा स्वीकारावा लागतो, असा त्यांचा मुद्दा. तो कुणाला पटेल, कुणाला नाही. मलाही पूर्ण पटलेला नाही. पण माणसाने सही करून जे नको म्हटलं, तेच त्याच्या मरणानंतर त्याच्या तोंडी घालायचं?

आणि हे नको म्हणणारा माणूस कोण? ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, काळ्या मतदारांपैकी जेमतेम दोन टक्क्यांची नोंदणी होऊ दिली होती, तिथे ७ मार्च १९६५ रोजी मताधिकारासाठीच्या मोर्चात पुढे चालणारा पंचवीस वर्षांचा पोरगा. पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तकं, एक सफरचंद, एक संत्रं, टूथब्रश. तुरुंगात रात्र काढायची तयारी करूनच निघालेला. तो पूल मध्ये उंच आहे, चढ संपेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. माथ्यावर पोचल्यावर दिसले रस्ता अडवून उभे असलेले पोलीस. मग लाठ्या, अश्रुधूर, घोडे. लुईसची कवटी फुटली. त्या पुलाचं नाव काय असावं यावर निदान त्याचं मत तरी खरं सांगा.

मेसेजमधलं बाकीचं भराभर. 'पहिल्या रांगेत मार्टिन ल्यूथर किंग होते': नव्हते, त्या दिवशी ते अटलांटात होते. पुढे होते लुईस आणि होझिया विल्यम्स. किंग ९ मार्चला आणि मग २१ मार्चच्या मोर्चात चालले. 'त्याच आठवड्यात मताधिकार मिळाला': कायद्यावर सही झाली ६ ऑगस्टला.

राहिला टोमणा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत घरं जळली, माणसं मेली. 'आपल्याला कधी जमणार' हे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जाऊन विचारा.

भाचीने ते पान फाडलंय. आता विचारतेय, पेटस कोण होता ते भाषणात सांगू का? सांग म्हटलं. काका, तुम्ही तेवढा मेसेज डिलीट करा. सर्वांसाठी.