काका, नर्मदा आपोआप नाही आली!

आज इंदूरच्या भंवरकुआं चौकात स्पर्धा परीक्षेची मुलं धरण्यावर बसली होती. सगळ्यांबरोबर मीही अडकले. शेजारच्या कारमधल्या काकांनी काच खाली केली आणि आपल्या मराठीत म्हणाले, "चार लाठ्या घाला, पळतील. मोर्च्यांनी कधी सरकार हललंय?" तेव्हापासून डोकं नुसतं ठणकतंय.

काका, सकाळी अंघोळ कुठल्या पाण्याने केलीत? १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर उतरलं नसतं, तर नदीकाठच्या जलूदहून नर्मदा आपणहून चालत आली असती?

माझी आजी होती त्यात. रामबागेतल्या वाड्यात राहणारी, नऊवारीतली बाई. रिकामा हंडा काखेत मारून निघाली. शेजारणी म्हणाल्या, "वहिनी, शोभतं का हे?" आजी म्हणाली, "दोन हंड्यांसाठी रात्री नळाशी भांडते, ते शोभतं?"

पाणी यायला १९७८ उजाडलं. मधे निवडणुका झाल्या, सरकारं बदलली, पण योजना गुंडाळायची कुणाची छाती झाली नाही. कारण उमेदवार दारात आला की आजीचा पहिला प्रश्न, "नर्मदा कुठवर आली?" पक्षबिक्ष नंतर. मोर्चा मतदानापर्यंत पोचतो तो असा.

आपल्या मध्य प्रदेशातलंच मंदसौर आठवा. जून २०१७ मध्ये गोळीबारात शेतकरी गेले, त्याच वर्षी भावांतर योजना आली, म्हणजे हमीभाव आणि बाजारभावातला फरक सरकारने द्यायचा. २०१८ ला मंदसौर जिल्ह्यातल्या चारपैकी तीन जागा भाजपलाच मिळाल्या, मान्य. पण राज्यातली सत्ता गेली, आणि काँग्रेसच्या कमलनाथांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली त्याच दिवशी कर्जमाफीवर सही केली. केंद्राने कृषी कायदेही २०२१ मध्ये उत्तर प्रदेश-पंजाबच्या निवडणुका तोंडावर आल्या तेव्हाच मागे घेतले ना? वर्षभर माणसं थंडीपावसात बसली होती म्हणून!

अँब्युलन्स अडवू नये, आणि पक्षाने ट्रकात भरून आणलेली गर्दी म्हणजे आंदोलन नव्हे, एवढं मलाही मान्य.

पण ही मुलं तशी नव्हती हो. एका मुलीच्या हातात कोचिंगच्या जाहिरातीचा पुठ्ठा होता, मागच्या कोऱ्या बाजूवर मागण्या. मार्कर संपला असावा, शेवटची ओळ बॉलपेनने गिरवून गिरवून लिहिलेली. मला म्हणाली, "आंटी, गाडी इधर से निकाल लो," आणि स्वतः उठून वाट करून दिली. गावाकडे शेत विकून पाठवलेली लेकरं ही, परीक्षा वेळेवर घ्या म्हणतात, बाकी काय मागतात? आजी असती तर त्यांच्यात जाऊन बसली असती.

उद्या सकाळी पोहे करून नेणार आहे मी. सुदामानगर, लोकमान्यनगरकडून कोण कोण येतंय? इनबॉक्समध्ये नको, इथेच लिहा.