डाउटमधला बी आणि रामरक्षेतला गुडघा

‘इंग्रजी ही वेड्यांची भाषा, लिहितात एक आणि वाचतात भलतंच’ हा फॉरवर्ड आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मधूनमधून येतच असतो. पुट-बटपासून सुरुवात, मग नाइफमधला के, आणि शेवटी ‘आपली मराठी बघा, बोलतो तशी लिहितो!’ मला तो बघून राग येतो. इंग्रजीची बाजू घ्यायची म्हणून नाही, तिचं त्यानं काही बिघडत नाही. पण पोरं त्यातून एवढंच उचलतात की इंग्रजीत डोकं चालवायचं नसतं, घोकायचं असतं.

मी बेळगावच्या वडगावात संध्याकाळी शिकवणी घेते. आजूबाजूची घरं मागावाल्यांची, खटखट चालू असतानाच आमचा स्पेलिंगचा तास चालतो. पोरं बहुतेक मराठी शाळेतली, थोडी कन्नड शाळेतली. इथल्या पोरांना तीन लिप्या गिरवाव्या लागतात, मराठीची, कन्नडची आणि इंग्रजीची. त्यातल्या पहिल्या दोन अशा, की अक्षर दिसलं की उच्चारायचं. त्यामुळे इंग्रजीतही ती प्रामाणिकपणे ‘क्नाइफ’ वाचतात. कन्नड घरातलं पोर असेल तर ‘क्नाइफु’. मग कोणीतरी हसतं, मोठं माणूस म्हणतं ‘के सायलेंट असतो’, आणि विषय संपतो. परवा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “टीचर, वाचायचाच नाही तर लिहायचा कशाला की तो?”

प्रश्न चोख आहे आणि त्याला उत्तरही आहे. तो के एकेकाळी वाचत होते. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात, त्यातला के जुने इंग्रज उच्चारायचे, जर्मन लोक आजही ‘क्नी’ म्हणतात. १४७६ साली कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना आणला आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत स्पेलिंग हळूहळू कागदावर घट्ट बसलं. जीभ मात्र कुणासाठी थांबत नाही. सतराव्या शतकात लोकांनी के टाकून दिला, तोवर तो छापून बसला होता. रात्र या अर्थाच्या नाइटमधल्या जीएचचंही तेच. तिथे आधी घशातून ‘ख’सारखा आवाज यायचा.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. नी म्हणजे गुडघा, आणि आपल्याकडे जानु. रामरक्षा म्हणणाऱ्या पोराला आजानुबाहू माहीत असतो, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा. हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे, आणि जानुतल्या ज-च्या जागी तिकडे तो मुका के आहे. जाणणं या अर्थाचा नो घ्या, त्यातला के म्हणजे आपल्या ज्ञानातला ज. नाइट आणि नक्त (रात्र), एट आणि अष्ट, डॉटर आणि दुहिता (मुलगी). या तिन्ही जोड्यांत इंग्रजीतल्या जीएचच्या जागी आपल्याकडे क, ष आणि ह आहेत. अष्टविनायक माहीत असलेल्या पोराला एटचं स्पेलिंग अशा वाटेनं दाखवलं की ते सहसा विसरत नाही. सातासमुद्रापलीकडची भाषा म्हणून जिला आपण घाबरतो, ती लांबच्या नात्यातली निघते.

सगळी मुकी अक्षरं अशी खानदानी नाहीत हेही सांगायला हवं. आमची पोरं दिवसभर ‘टीचर, एक डाउट आहे’ म्हणतात, त्या डाउटमधला बी कधी कोणी उच्चारलाच नाही. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. नंतर विद्वानांना लॅटिनमधला मूळ शब्द आठवला आणि त्यांनी मोठेपणा दाखवायला बी घुसडला. कर्ज या अर्थाच्या डेटमध्येही तेच, रिसीटमधल्या पीचंही तेच. आयलंडमधला एस तर चुकीच्या नात्यावरून घुसला. तो शब्द अस्सल इंग्रजी, पण लॅटिनमधून आलेल्या, बेट याच अर्थाच्या आइलचा भाऊबंद समजून त्याला तो चिकटवला. ही अक्षरं उद्या काढून टाकली तरी मला वाईट वाटणार नाही. के काढला तर वाटेल.

आणि ‘बोलतो तशी लिहितो’ या आपल्या फुशारकीबद्दल. आजोबांच्या वेळचा जमिनीचा कागद असेल तर काढून बघा. नांव, गांव, कांहीं, घरांत, सगळीकडे टिंबं. ती टिंबं नुसती लिहायची होती, उच्चारात नव्हती. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती काढली, म्हणजे आपल्याकडची मुकी अक्षरं जाऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत. कोकणी माणूस ‘हांव’ म्हणतो तेव्हा ते नाकातलं टिंब अजून ऐकू येतं. इंग्रजांच्या बेलगामच्या शेवटी जो एम होता तो गांवमधल्या त्याच टिंबाचा असावा, असं मला आपलं वाटतं. शिवाय मी या पोस्टमध्ये ‘आलं’, ‘गेलं’ लिहितेय, त्यातलं टिंब तरी कोण नाकातून म्हणतं? ‘घर’ लिहिताना र पूर्ण आणि म्हणताना पाय मोडलेला. आमच्यातलं कन्नड पोर तो शेवटचा अ पूर्ण म्हणतं, तेव्हा हसायची पाळी मराठी पोरांची असते.

तेव्हा पोरांना मी दोनच गोष्टी करायला लावते. मुकं अक्षर भेटलं की आधी त्याचे भाऊबंद शोधायचे. साइनमधला जी सिग्नेचरमध्ये बोलतो, मसलमधला सी मस्क्युलरमध्ये, ऑटममधला एन ऑटम्नलमध्ये. दुसरं म्हणजे, के वाचणाऱ्याला हसायचं नाही. सुतळी बॉम्बमधला शेवटचा बी आपण सगळे दिवाळीत ठणकावून म्हणतोच. इंग्रजाचा तो ‘बॉम’. नळ दुरुस्त करणारा त्यांचा ‘प्लमर’. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणायचे आणि नळ शिशाचे असायचे, म्हणून तिथे बी आहे. खडेबाजारात जाऊन ‘प्लमर पाहिजे’ म्हणून बघा, कोणी येतंय का.

काही पालकांना हे वेळ घालवणं वाटतं. दहावीच्या पेपरात कोणी जानु विचारत नाही, हे खरं. पण घोकलेलं स्पेलिंग पेपरानंतर आठवडाभरही टिकत नाही हेही त्यांनीच बघितलेलं आहे.

कॉन्व्हेंटवाल्यांसाठी एक राहिलं. ‘ऑफ्टन’ म्हणणाऱ्या गावाकडच्या पोराला ‘टी सायलेंट आहे रे, ऑफन म्हण’ असं सुनावणारे बरेच आहेत. तो टी पूर्वी बोलत होते, मग गळला, आणि लोक स्पेलिंग बघून वाचायला लागले तसा परत आला. आज इंग्लंडात आणि अमेरिकेत दोन्ही उच्चार चालतात, शब्दकोशांतही दोन्ही दिलेले आहेत.