दीड टक्क्याचं नोबेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझा लेख महाचुंबकरोधावर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स) होता: लोखंडाच्या पातळ थरांमध्ये क्रोमियमचा थर घातला, की लोखंडी थरांची चुंबकी तोंडं एकमेकांविरुद्ध होतात; बाहेरून चुंबकी क्षेत्र लावलं की ती एका दिशेला वळतात आणि विजेला होणारा रोध घटतो. हार्ड डिस्कवरची माहिती वाचायला हाच परिणाम कामी आला. त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा एक मुद्दा पटला. आधी तोच.

क्रोमियमला 'अचुंबकी' म्हणणं चूक, असं तुम्ही लिहिलंत. मान्य. ते प्रतिलोहचुंबक आहे: शेजारशेजारच्या अणूंची चुंबकत्वं उलटसुलट, बेरीज शून्य, आणि हे साधारण 38 अंश सेल्सिअसखाली. घाईत लिहून गेलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. लोखंडाचे दोन थर एकमेकांविरुद्ध तोंड करतात ते क्रोमियमच्या या स्वभावामुळेच, मधल्या थराच्या जाडीचं कौतुक उगाच, असं तुमचं म्हणणं. मग रुथेनियम या धातूचं काय करायचं? त्याचा असा स्वभाव नाही. तरी 1990 साली आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत स्टुअर्ट पार्किन आणि सहकाऱ्यांनी कोबाल्टच्या थरांमध्ये रुथेनियम घातलं, तेव्हा त्याची जाडी वाढेल तशी थरांमधली ओढ कमीजास्त होत गेली. एक फेरा सुमारे 1.2 नॅनोमीटरचा, क्रोमियमसाठी तोच 1.8 ते 2.1. पुढे तांब्यातही हेच दिसलं, आणि तांब्याचा चुंबकाशी संबंध किती, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मधल्या थरातल्या इलेक्ट्रॉनांच्या लाटा दोन्ही सीमांवर आपटून परततात. किती परततात ते त्यांच्या स्पिनवर (प्रत्येक इलेक्ट्रॉन हा जणू इवलासा चुंबक, त्याची दिशा) ठरतं, आणि परतलेल्या लाटांचं आपसात जमतं की बिनसतं ते जाडीवर. त्यातून शेजारचे थर एका दिशेला वळतात किंवा पाठ फिरवतात. अणूंचे दोनचार थर इकडेतिकडे झाले तरी निकाल बदलतो. क्रोमियमचा खास वाटा नाही असं नाही. अगदी गुळगुळीत नमुन्यात जवळजवळ दर अणुथरागणिक दिशा पालटते, ती त्याचीच करामत. पण ती वरची फोडणी.

आता "फेअरना 50 टक्के, ग्र्युनबेर्गना दीड टक्का, आणि 2007 चं नोबेल निम्मंनिम्मं!" हा टोमणा. (टक्के म्हणजे रोधातली घट; नोबेल भौतिकशास्त्राचं, आल्बेर फेअर आणि पीटर ग्र्युनबेर्ग यांना विभागून. लेखात मी फेअरना 'फर्ट' लिहिलं होतं, तेही सुधारलं.) फेअर यांच्या गटानं 1988 मध्ये रोध जवळपास निम्म्यावर आणला तो 4.2 केल्व्हिनला (सुमारे उणे 269 अंश सेल्सिअस), 2 टेस्लाच्या चुंबकी क्षेत्रात, एकावर एक रचलेल्या अनेक थरांत. ग्र्युनबेर्ग यांचा दीड टक्का लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा तीनच थरांतून, खोलीच्या तापमानाला आलेला. आणि क्रोमियमपलीकडचे लोखंडी थर उलट्या दिशेला वळतात हे 1986 मध्ये दाखवलं त्यांच्याच गटानं. फेअर यांचा प्रयोग त्याच पायावर उभा आहे. ही तुलना म्हणजे कळस किती उंच ते मोजायचं आणि जोतं कोणी बांधलं ते विचारायचं नाही.

"आता सगळ्यांकडे एसएसडी, कशाला हे उगाळता?" (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवरची साठवण.) याबद्दल एवढंच, की डेटा सेंटरांत हार्ड डिस्क अजून गरगरतायत. आणि रुथेनियमही अडगळीत गेलेलं नाही. 2001 मध्ये आयबीएमनं डिस्कच्या चुंबकी लेपात त्याचा तीन अणूंचा थर घातला, तिथल्या मंडळींनी त्याला 'पिक्सी डस्ट', परीची धूळ, असं लाडकं नाव दिलं. आजच्या चुंबकी मेमरी चिपमध्येही दोन थरांना एकमेकांविरुद्ध जखडायला साधारण तेवढ्याच जाडीचं रुथेनियम वापरतात.